इंजिनाच्या घशातला पितळी नट

मी एक पितळी नट बोलतोय. तुमच्या करंगळीच्या नखाएवढा. सहा कोपरे आणि मधोमध एक भोक, एवढाच माझा देह. डोंगराखालच्या कोचकोर गावातल्या ट्रॅक्टरच्या कारखान्यात एका जुन्या लेथवर मला तिथल्या कारागिरानं, ओस्मोननं घडवलं. त्याच्या गाडीतला एक नट गंजून तुटला होता. "पितळ गंजत नाही," असं म्हणून त्यानं मला त्याच्या जागी बसवलं. इंजिनाच्या डोक्यावरचं एअर फिल्टरचं डबडं दाबून धरायचं, हे माझं काम. माझ्या शेजारचे बाकीचे नट लोखंडाचे. त्या गाडीतून मेंढ्या गेल्या, नवऱ्या गेल्या, पिठाची पोती गेली. मी पाहिलं काहीच नाही, ऐकलं मात्र सगळं.

पुढे ओस्मोन म्हातारा झाला आणि गाडी त्याच्या मुलाकडे, मेलिसकडे आली. मेलिस मनानं चांगला, पण उतावळा. दुसऱ्याचा हात गाडीला लागलेला त्याला खपत नसे. काढलेले नट तो कधी मडगार्डवर ठेवायचा, कधी शर्टाच्या खिशात, कधी ओठांत धरायचा. माणसांची ही सवय मला कधी कळली नाही. घरात एवढ्या वाट्या असतात!

ती सकाळ सप्टेंबर संपता संपताची. ओस्मोन अजून वर, सोन-कुल तळ्याकाठच्या उन्हाळी कुरणावर होता. बाकीचे तंबू केव्हाच खाली आले होते. त्याची घोडी लंगडत होती, म्हणून तो एकटाच मागे राहिला होता. इकडे घाटावर ढग उतरले होते आणि आमची गाडी खोकत होती. मेलिसनं अंगणातच बॉनेट उघडलं. घाईघाईत नट काढले आणि फिल्टरचं डबडं उचललं. सैल झालेला मी डबड्याच्या कडेला ग्रीसमध्ये चिकटून होतो, ते त्याच्या ध्यानात आलं नाही. मी घसरलो आणि थेट खालच्या कार्बुरेटरच्या घशात पडलो, जिथं हवेत पेट्रोल मिसळतं.

तिथं एक पातळ पडदी होती. तिच्यावर मी टेकलो. तेवढ्यावर राहिलो असतो तर चिमट्यानंही निघालो असतो. पण "काय वाजलं?" म्हणत मेलिसनं ॲक्सिलरेटरची तार ओढली. पडदी उघडली आणि मी आणखी खाली गेलो, इंजिनाकडे जाणाऱ्या काळ्या नळीत.

"नट पडला वाटतं," तो म्हणाला.

त्याची बायको बुरुल दारात पीठ मळत होती. "कुठं पडला?"

"खाली, गवतात."

"खाली मी पत्रा अंथरलाय. पत्र्यावर पडला असता तर वाजला असता."

"तुझे कान म्हणजे काय, घोडीचे कान!"

"तुमचे कान कामाचे असते तर मला बोलावं लागलं नसतं."

"अगं, आबा वर एकटे आहेत आणि मी इथं नट शोधत बसू? एका नटावाचून गाडी अडत नाही."

"नटावाचून नाही अडायची. पोटात नट घेऊन अडेल. अर्ध्या घाटात इंजिन फुटलं तर मामंजी वर आणि आपण मध्ये. मग कोण कुणाला आणणार?"

मेलिसनं ऐकलं नाही. गाडीचं दार आपटल्याचा आवाज आला.

मी त्या नळीत आडवा पडलो होतो. पेट्रोलचा ओलावा, वास आणि मिट्ट काळोख. पलीकडच्या वळणावर झडप होती, तीही अर्धवट उघडी. इंजिन फिरलं की हवा मला ओढून आत नेणार आणि मी पिस्टनखाली सापडणार. मला ओरडायचं होतं. पण नटाला तोंड कुठं असतं?

किल्ली फिरली. काहीच झालं नाही.

बुरुलनं बॅटरीची तार काढून पिठानं माखलेल्या हातात धरली होती, हे मला मागाहून कळलं. "फिरवा किल्ली. हवी तितकी फिरवा!"

मेलिस खूप ओरडला. मग गाडीतून खाली उतरला. "मागच्या जुम्म्याला येतो म्हणालो होतो गं मी त्यांना," तो म्हणाला.

"म्हणूनच तर पोचायला हवं," ती म्हणाली. "पाना आणा."

कार्बुरेटर निघाला. उजेडाची चकती वर दिसली. दोरीला बांधलेलं चुंबक आत आलं, माझ्या अंगावरून फिरलं आणि निघून गेलं. चुंबक पितळेला ओळखच देत नाही.

"बघ, काही नाही आत!"

"मामंजींनी पितळेचा बसवला होता ना एक?"

मेलिसनं चुंबक खाली ठेवलं. बुरुलनं हातातला आरसा तिरका धरला, टॉर्च मारला. "पिवळं चमकतंय काहीतरी."

ती क्रोशाची सुई घेऊन आली. सुईचं टोक माझ्या कडेला लागलं आणि मी झडपेकडे सरकलो. दोघांनी श्वास रोखलेला मला ऐकू आला. "हळू गं," मेलिस कुजबुजला. दुसऱ्यांदाही मी निसटलो. तिसऱ्यांदा तिनं मला उभं केलं, सुई भोकातून घातली आणि आकड्यात धरून वर काढलं. मेलिसनं मला तळहातावर घेतलं. मग कार्बुरेटर जोडून त्यानं मला पुसून माझ्या जागी घट्ट आवळलं.

दोघांनी गाडी घाटात घातली तेव्हा बर्फ भुरभुरायला लागला होता. वर पोचल्यावर घोडी पलीकडच्या कुरणावर हिवाळाही काढणाऱ्या गुराख्याकडे ठेवली. म्हातारा मागच्या सीटवर बसताच कुरकुरला. "चुलीच्या गोवऱ्या संपल्या. खोगीर जाळायच्या बेतात होतो. कुठं होतास रे इतके दिवस?"

मेलिसनं काही सबब सांगितली नाही. "आजही पोचलो नसतो, आबा. हिनं मला अडवलं म्हणून पोचलो."

म्हाताऱ्यानं सुनेकडे पाहिलं. मग म्हणाला, "सूनबाई, उतरताना गाडी तू चालव."

आणि तिनंच चालवली.

आता माझे कोपरे झिजलेत, पाना घसरतो. मी अजून माझ्या जागी आहे. बॉनेट उघडलं की मेलिस मला वाटीत ठेवतो आणि कार्बुरेटरच्या तोंडात आधी चिंधी कोंबतो. तुम्हीही तेवढं करा. आणि इतकं करूनही माझ्यासारखा कुणी हातून निसटलाच, तर गवतात आहे असं मनाला समजावू नका. किल्लीला हात लावू नका. आम्ही आत असतो आणि आम्हाला हाक मारता येत नाही.