दहा मिनिटे हात हलला नाही

तुम्ही एखाद्या खोलीत पाऊल टाकता आणि दिवा आपोआप लागतो, तेव्हा जरा वर बघा, मित्रांनो. पालथ्या वाटीएवढे पांढरे काहीतरी छताला चिकटलेले दिसेल. तोच मी, सेन्सर. आता जुना झालो आहे, कडेने पिवळा पडलो आहे. येत्या सोमवारी मला उतरवणार आहेत. त्याआधी मला काही सांगायचे आहे.

मला डोळे नाहीत. माझ्या भिंगाला बारीक पैलू आहेत. एखादे उबदार शरीर एका पैलूसमोरून दुसऱ्या पैलूसमोर सरकले, की मला कळते आणि मी दिवा लावतो. दहा मिनिटे काहीच सरकले नाही, तर विझवतो. एवढेच मला येते. कारखान्यात एका बाईने मला तपासण्यासाठी समोर हात हलवला होता. मला कळलेली ती पहिली ऊब. तिच्यासमोर दिवसाला माझ्यासारखे चारशे जण यायचे, आणि ती प्रत्येकासमोर हात हलवायची.

मग एका वायरमनने मला इथे आणून बसवले. इथे टेबले भाड्याने मिळतात. ज्यांची कंपनी दूर कुठेतरी असते आणि ज्यांना दिवसभर घरात एकटे बसवत नाही, अशी माणसे इथे येऊन काम करतात. सुरुवातीला मी मोठ्या दालनात होतो. सगळे कामात गढून गेले की मी दिवा विझवायचो. मग कोणीतरी हात वर करून म्हणायचे, "मास्तर, हजर आहोत सगळे." मास्तर हे मला पडलेले नाव. सगळे हसायचे, हसता हसता चहा निघायचा, चहाबरोबर कुणाच्या मुलीची परीक्षा निघायची, कुणाच्या वडिलांचे गुडघे निघायचे. ती माझी चांगली वर्षे.

पुढे गोंगाटाच्या तक्रारी आल्या. व्यवस्थापिकेने भिंतीवर नियम लावला, की ज्याच्या कानावर हेडफोन आहे त्याला हाक मारायची नाही. महिन्याभरात सगळ्यांच्या कानांवर हेडफोन आले. दालनाला नवे सेन्सर मिळाले आणि मला मागच्या बिनखिडकीच्या खोलीत हलवले. तिला काचेचे दार होते आणि आत दोनच टेबले, समोरासमोर.

एका टेबलापाशी पन्नाशीची एक बाई बसायची. दूरच्या इस्पितळातले डॉक्टर तपासणीचे अहवाल बोलून पाठवायचे आणि ती ते ऐकून टाइप करायची. दिवसभर तिच्या कानात अनोळखी माणसांची दुखणी. दालनातले लोक तिला टायपिंगताई म्हणायचे, तेही तिच्यामागे. नाव कुणी विचारले नव्हते. समोर बसायचा तो नकाशेवाला. तो घरांचे नकाशे काढायचा. मुलांची खोली कुठे, आजीचा पलंग कुठे, हे सगळे तो ज्यांना कधी भेटणार नव्हता अशा कुटुंबांसाठी ठरवायचा.

दोघांची फक्त बोटे हलायची. बोटांची हालचाल मला पुरत नाही. त्यामुळे दर दहा मिनिटांनी दिवा जायचा. मग एकदा ताई हात वर करायची, पुढच्या वेळी नकाशेवाला. असे कधी ठरले नव्हते. मान वर न करता, सात महिने, पाळी एकदाही रिकामी गेली नाही. एकदाच दोघांचे हात एकदम वर गेले. दोघे एकमेकांकडे बघून हसले. ताईने हेडफोनला हात लावला, ती तो काढणारच होती. तेवढ्यात त्याच्या स्क्रीनवर बैठक सुरू झाली.

दुपारी एकला तिच्या धाकट्या भावाचा फोन यायचा. जेवलीस का, औषध घेतलेस का, एवढेच तो विचारायचा. ती सांगायची, "एकटी कुठे रे? माणसं आहेत की इथे."

त्या दिवशी नकाशेवाला दालनात दुसऱ्या टेबलावर बसला होता. पावणेतीनला ताईचे डोके टेबलावर टेकले. मग काहीच सरकले नाही. दहा मिनिटांनी मी दिवा विझवला. पाळी कुणाचीही असो, हात तिचाच यायला हवा होता. मी वाट पाहिली. दिवा आपणहून लावता आला असता तर मी शंभर वेळा लावला असता. काचेपलीकडून व्यवस्थापिका दोनदा गेली. अंधार म्हणजे खोली रिकामी, असे इथे सगळे धरून चालतात, आणि ते मीच त्यांना शिकवले आहे.

साडेतीनला नकाशेवाला चार्जर न्यायला आला. दिवा लागला. त्याला ती दिसली. डोके टेबलावर, कानावर हेडफोन. तिचा डोळा लागला असेल असे त्याला वाटले असावे. तो पाऊल न वाजवता आला आणि पाऊल न वाजवता गेला. दार त्याने हळूच लावले.

दहा मिनिटांनी दिवा पुन्हा गेला. आता तो चार्जर लावून दालनातच, पण या खोलीच्या काचेला लागून बसला होता. त्याने वर पाहिले. ती आत आहे आणि अंधार तसाच आहे, असे सात महिन्यांत कधी झाले नव्हते. त्याने थोडा वेळ थांबून पाहिले, मग धावत आत आला.

"अहो," तो म्हणाला. "अहो ताई." पुढे काय हाक मारायची ते त्याला माहीत नव्हते. त्याने तिचा हेडफोन काढला. त्यातून एक डॉक्टर सावकाश कुणाच्यातरी छातीचा अहवाल सांगत होते.

तिला स्ट्रेचरवरून नेले. चौथ्या दिवशी भाऊ तिची शाल आणि पाण्याची बाटली न्यायला आला, तेव्हा कळले की ती दुसऱ्याच सकाळी वारली. तासभर आधी आणली असती तर, असे डॉक्टर म्हणाले होते.

भाऊ नकाशेवाल्यासमोर उभा राहिला. "समोर बसता ते तुम्हीच का? ताई सांगायची, एक जण आहे, आम्ही रोज एकमेकांना हात करतो."

"हो," नकाशेवाला म्हणाला.

"बरं झालं, तुम्ही होतात," भाऊ म्हणाला आणि शालीची घडी घालू लागला. नकाशेवाल्याने टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली होती. साडेतीनचे त्याने काही सांगितले नाही.

व्यवस्थापिकेने दोष माझा ठरवला. सोमवारपासून या खोलीत दिवा कायम चालू राहील. आत कोणी हलेनासे झाले, हे निदान अंधारावरून तरी कळायचे; आता काचेपलीकडून तेही कळणार नाही.

नकाशेवाला अजून येतो. दिवा गेला की तो हात वर करतो. पुढची पाळी ताईची असते. त्या वेळी तो हात वर करत नाही, अंधारात बसून राहतो. पहिल्या दिवशी तो दोन मिनिटे बसला होता. काल पाऊण तास.

मित्रांनो, आत्ता या खोलीत अंधार आहे आणि ती रिकामी नाही. मला हालचाल कळते, माणूस कळत नाही. दार ढकला. कानावर हेडफोन असला तरी हाक मारा. आधी त्याला त्याचे नाव विचारा. मी दिवा लावेन, पण कुणीतरी आत यायला हवे.