खांद मळलेली तीनचाकी

सकाळचे अकरा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. बुलढाण्याच्या मैदानावर कर्ण्यातून नाव पुकारलं गेलं आणि मी एका मुलीची झाले. मी तीनचाकी सायकल. पायांऐवजी हातांनी पायडल फिरवायची, शिबिरात दिव्यांगांना वाटतात ती.

पुकारलेलं नाव होतं प्रांजलचं. वय दहा, दोन्ही पायांत जोर नाही. तिच्या आईने, अर्पिताने, तिला कडेवरून उतरवून माझ्यावर बसवलं. लगेच पाच-सहा पाहुणे माझ्या दांड्याला हात लावून उभे राहिले. फोटो निघाला. एकाचे डोळे मिटले म्हणून पुन्हा निघाला. प्रांजलचे हात मात्र पायडलपर्यंत पोचत नव्हते, कारण मी मोठ्या माणसाच्या मापाची. अर्पिताने भीत भीत तसं सांगितलं, तर वाटप करणारा म्हणाला, "मोठी होईन ना ते ताई! फुकट भेटून राह्यलं, त्यात माप काय पाह्यता?"

घरी नेताना अमडापूरला वाहेदभाईंच्या वेल्डिंगच्या दुकानात मला थांबवलं. त्यांनी पायडलचा दांडा वाकवून जवळ घेतला, सीटखाली लाकडी फळी ठोकली. मग अर्पिताकडे न बघता प्रांजललाच म्हणाले, "बेटा, पुरते का हात आता? तू सांग, मायले नको पाहू."

प्रांजल गोंधळून आईकडेच बघू लागली. तिला कधी कोणी काही विचारलेलंच नव्हतं.

तिला एकच गोष्ट पाहिजे होती. शाळेत जायचं आणि हजेरीला स्वतःच्या तोंडाने 'हजर सर' म्हणायचं. लहान होती तोवर अर्पिता तिला कडेवर नेत असे. मग ती मोठी झाली, अर्पिताची कंबर धरू लागली, आणि शाळा सुटली. सर एकदा घरी आले. माणूस वाईट नाही, चहा घेत मायेनेच बोलले, "पोरीले काऊन तरास देता? राहू द्या घरी. हजेरी मी लावतोच, पासही करून राह्यलो." म्हणजे पोरगी ओट्यावर आणि तिची हजेरी शाळेत! उपकार म्हणावा की काय म्हणावं?

मी आले आणि पंधरा दिवस प्रांजल शाळेत गेली. अर्पिता मागून चालायची. उतारावर सुटली तर? कोणी हसलं तर? तिचा जीव सारा माझ्या ब्रेकमध्ये. पोरगी मात्र घंटा वाजवत पुढे.

मग फवारणी आली.

बीटी कपाशीला अळी लागत नाही म्हणून गावाने तीच पेरली होती. मागल्या साली अळी बोंडाच्या आत जाऊन बसली. वरून बोंड हिरवंगार, फोडलं की आत कवडी, नुसता किडका कापूस. त्या साली प्रांजलच्या बापाने, सागरने, बैलजोडी विकली. आता खताची पोती, फवारणीच्या पाण्याचे कॅन शेतात न्यायचे कशावर? दारात मी उभीच होते.

पहिल्यांदा सागरने नेलं. मग शेजारच्या उत्तमरावांनी. ते सागरचे चुलते, त्यांची जोडी शाबूत होती. पण दोन कॅनसाठी बैल कोण जुंपणार? दारातूनच ओरडायचे, "सूनबाई, सायकल नेतो वो!"

अर्पिताच्या तोंडात 'शाळा' हा शब्द यायचा, तोवर तिची सासू कौशल्याबाई आतून म्हणायची, "ने बाप्पा. पोरगी कुठं जाते? घरीच तर असते."

घरी असते, कारण मला नेता! पण माझं कोण ऐकतं? औषध सांडून सीटला डाग पडले. संध्याकाळी त्यावर बसली की पोरीच्या मांड्यांना खाज सुटायची. अर्पिता सीट घासायची, पुन्हा घासायची. शाळेत हजेरी मात्र रोज लागत होती.

पोळ्याच्या आदल्या सांजेला बैलांचे खांदे मळतात. हळद-लोणी लावून उद्याच्या जेवणाचं आमंत्रण देतात, आणि पोळ्याला त्यांना कोणी जुंपत नाही. कौशल्याबाईने सवयीने वाटीत हळद-लोणी कालवलं, पळसाची पानं घेतली, गोठ्याकडे वळली आणि तिथेच थांबली. गोठ्यात दोन खुंटे तेवढे होते.

ओट्यावरून प्रांजल म्हणाली, "आजी, माह्या सायकलीचा मळ ना खांदा. बैलाचं काम तेच करून राह्यली."

म्हातारी हसायला गेली आणि रडली. मग खरंच माझ्या दांड्याला हळद-लोणी चोळलं, पळसाचं पान फिरवलं. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

पोळ्याच्या सकाळी उत्तमराव हजर. "सायकल दे वो सूनबाई. आज बैल जुंपता येत नाई, अन् अळी का पोळा पाहून थांबते?"

कौशल्याबाई आडवी आली. "खबरदार! काल खांद मळला तिचा. आवतन देल्यावर जुंपते का कोणी?"

"सायकलीचा खांद? येडी झाली का वयनी?"

"झाली. पाप लागलं तं तुले लागन."

उत्तमराव हसले, पण हात लावायला धजले नाहीत. पुरणाचा घास माझ्या चाकापाशी ठेवला गेला. मला बरं वाटायला हवं होतं. आला तो रागच. लोखंडाला हळद लागली तर सारं गाव मानतं, आणि जित्या पोरीला शाळेत जायचंय हे कोणाला पटत नाही! माझा तो सुट्टीचा दिवसही फुकटच गेला, कारण पोळ्याला शाळा बंद.

दुसऱ्या दिवशी शाळा उघडली. उत्तमराव कॅन घेऊन दारात. "बैलायले आजचा दिवस आराम देतो म्हटलं. पोळा सरला सूनबाई, आण आता सायकल."

अर्पिताने प्रांजलला माझ्यावर बसवलं होतं, पाटी-दप्तर अडकवलं होतं. तिने माझा दांडा धरला.

"पोळा सरला मामाजी," ती म्हणाली, "शाळा नाई सरली."

"एका दिवसानं काय होते? सर हजेरी लावतेच ना!"

"मले नका विचारू. सायकल हिची हाय, हिले विचारा."

उत्तमरावांनी पहिल्यांदा खाली, प्रांजलच्या तोंडाकडे पाहिलं. "काय वं, नेऊ का?"

प्रांजलने या वेळी आईकडे पाहिलं नाही. "नाई आजोबा. आज मले लागते."

"लई शिंगं फुटले या लंगडीले!" असं पुटपुटत त्यांनी कॅन खांद्यावर घेतले आणि निघाले. पण विचारलं त्यांनी, हे मी विसरणार नाही.

आता मी शाळेच्या पायऱ्यांखाली निंबाजवळ उभी आहे. चार पायऱ्या, उतार नाही. अर्पिताने पोरीला उचलून वर नेलं आणि कंबर धरून इथेच बसली आहे. माझा मागचा आस ओझ्याने वाकलाय, सीटचा वास गेला नाही. उद्या कोणी मला पुन्हा मागायला येईल. तेवढ्यात आतून नाव पुकारलं गेलं.

"हजर सर!"

एवढ्या मोठ्याने, की सरांनी हजेरी घेता घेता मान वर केली असेल.

बायांनो, बापांनो, माझं एक काम करा. तुमच्या गावात कोणाच्या दारी माझ्यासारखी तीनचाकी दिसली आणि तिच्यावर पोतं दिसलं, तर नेणाऱ्याला थांबवा. 'जिची आहे तिला विचारलं का?' एवढंच विचारा. आणि त्याला म्हणावं, पुढच्या गावाला हेच सांग.