एक काच कमी

थंडीनं माणूस मरतो हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. उबेनं मरायची वेळ मात्र सासुरवाडीतच आली.

लग्नानंतरचा पहिला चिल्लई कलां, म्हणजे आमच्याकडचे कडाक्याचे चाळीस दिवस. सासरे हबीबुल्ला यांनी आग्रहानं बोलावलं. आदल्या वर्षी शेजारच्या सोनाउल्लाचा जावई सासरी येऊन सर्दी घेऊन गेला होता आणि गल्ली अजून हसत होती. त्यामुळे सासऱ्यांनी चंगच बांधला. खिडक्यांना प्लॅस्टिक ठोकलं, फटींत कापूस कोंबला, दाराखाली आपला जुना फेरन, म्हणजे पायघोळ लोकरी झगा, सारला. मधोमध कोळशाची शेगडी. शिवाय माझ्या फेरनच्या आत एक कांगडी, म्हणजे टोपलीत बसवलेलं निखाऱ्यांचं मडकं, आणि पायाशी दुसरी. निखारे मंदावले की तिसरी हजर. आणि पुढे केलेली कांगडी नाकारणं म्हणजे यजमानाच्या तोंडावर दार आपटणं.

सासूबाईंचा, साजाबेगमचा, एकच हेका होता: शेगडी पेटलीय, कोळशाचा वायू कोंडतो, एक खिडकी बोटभर उघडी ठेवा.

"सोनाउल्लानंही बोटभरच ठेवली होती," सासरे म्हणाले. सासूबाई कपाळाला हात लावून स्वयंपाकघरात गेल्या.

दुपारी माझं डोकं ठणकायला लागलं. बोलायची चोरी. सासऱ्यांचंही दुखत असावं, कारण त्यांनी आधी जेवणातल्या सलगमला शिव्या घातल्या, मग सोनाउल्लाच्या दृष्टीला. घाम पुसत आम्ही एकमेकांना विचारत होतो, थंडी नाही ना वाजत? मी उठायला गेलो तर पायांत जोरच नव्हता. भीती वाटली, पण लाज जास्त वाटली, म्हणून पुन्हा बसलो. एरवी मी इतका मूर्ख नाही.

तेवढ्यात सासूबाई खाऱ्या चहाचा समोवार, ती पोटात निखारे असलेली उंच किटली, घेऊन आल्या. सासऱ्यांनी मान हलवून नको म्हटलं. पस्तीस वर्षांच्या संसारात त्या माणसानं चहाला कधी नको म्हटलं नव्हतं. सासूबाईंनी पुढे काही विचारलंच नाही. तो तांब्याचा समोवार चहासकट खिडकीवर फेकला. प्लॅस्टिक फाटलं, काच फुटली, आणि आम्हा दोघांना गचांडी धरून त्यांनी अंगणातल्या बर्फात आणून टाकलं.

समोवार सोनाउल्लाच्या अंगणात पडला होता. तो परत द्यायला आला, आम्ही बर्फात पडून धापा टाकतोय हे बघितलं, आणि म्हणाला, "हबीबा, जावयाला इतकी ऊब दिलीस?"

सासऱ्यांना ते फार लागलं. संध्याकाळी माझा हात धरून म्हणाले, "माझ्या पोरीला काय तोंड दाखवलं असतं मी?" आणि रडले.

ती काच पुन्हा बसवली नाही. दर हिवाळ्यात मी जातो, शेगडी पेटते, आणि सासरे दोन फेरन चढवून बरोबर त्या भोकासमोर पाठ करून बसतात. मी म्हणतो, वारा लागेल, इकडे या. "लागू दे," म्हणतात. "तुम्हाला लागत नाही ना?"

मला तिथे आजवर एकदाही सर्दी झालेली नाही. त्यांना दरवर्षी होते.