पाचही नवे

“अरे, छातीशी काय कवटाळतोस? पळून जाणारेय का तो बॉल? सोड, पास दे!”

सोबत्याच्या ओरडण्याने हरेश्वर गोंधळला आणि त्याने बॉल भलत्याच दिशेला फेकला. तो भिंतीवर आपटला, पत्र्याच्या शेडखाली गेला. बाकीचे चौघे, गिरणीत त्याच्यासारखेच नवे, हसले. मनमोहन धराधरांनी तोंडातली शिट्टी काढली आणि चष्मा पुसला.

गिरणीच्या कापसाच्या गोदामामागचं हे सिमेंटचं कोर्ट त्यांनीच मालकांकडे हट्ट धरून बांधून घेतलं होतं. ते गिरणीत टाइमकीपर होते. फणसवाडीत राहायचे, सकाळी ट्रामने परळला यायचे. कॉलेजात बास्केटबॉल खेळले होते, तेवढी एक हौस टिकून राहिली. रघू राणे आणि त्याच्याबरोबरचे चौघे, सगळे लालबागचे विणकर, त्यांना धराधरांनी पहिला पास कसा द्यायचा इथपासून शिकवलं होतं. पुढे त्या पाचजणांना परळ-दादरमध्ये लोक नावाने ओळखू लागले.

मग संयुक्त महाराष्ट्राचा हरताळ झाला. पाचही जण मोर्चात गेले. जानेवारीत शहरात गोळीबार झाला, धरपकड झाली, तेव्हा तेही आत गेले. सुटून आले तर गिरणीच्या फाटकावर त्यांना अडवलं. नोकरी गेली होती. त्यांच्यासारखे आणखीही पुष्कळ होते.

गणपती गेल्यावर लेबर ऑफिसरने धराधरांना बोलावून घेतलं.

“बास्केटबॉलच्या कपला टीम उतरली पाहिजे, धराधर. उंच बघून पाच पोरं भरती केलीत.”

“साहेब, पाचही नवे? एखाद्याला तरी खेळ येत असता तर...”

“मग शिकवा की. तुमचं कामच ते. आणि पहिल्याच फेरीत हरली, तर त्यांना कायम कशाला करायचं?”

धराधर “बरं” म्हणाले. दुसरं काही म्हणण्याची त्यांना सवयच नव्हती.

संध्याकाळी ते लालबागला रघूच्या खोलीवर गेले. रघू हिंदमाताच्या एका दुकानात कापडाचे गठ्ठे उचलायला जात होता. नुकताच आला होता, खांदा चोळत बसला होता. त्याची बायको मंजुळा हिने चहा ठेवला. धराधरांनी सगळं सांगितलं आणि म्हणाले, “घाबरू नको. नवख्यांच्या जिवावर टीम उभी राहत नाही. ही पोरं हरली की साहेब झक मारत तुम्हाला बोलावतील.”

मंजुळा स्टोव्हपाशीच थांबली. “म्हंजे दिवाळीच्या आत?”

“व्हायला हरकत नाही,” धराधर म्हणाले. तिच्या चेहऱ्याकडे बघून त्यांना ते म्हणावंच लागलं.

रघू मात्र खांदाच चोळत राहिला.

पहिले काही दिवस धराधर त्या पोरांना नुसतं पळवत राहिले. शिकवलं काहीच नाही. पण हरेश्वर चुकीच्या पायावर उडी घ्यायचा, आणि ते त्यांना बघवेना. एका सकाळी न राहवून त्यांनी त्याचा पाय धरून नीट टेकवला. मग हात कसे ठेवायचे ते दाखवलं. मग बॉलकडे न बघता बॉल कसा चालवायचा ते. पोरगा माहीमच्या कोळीवाड्यातला, दर्यावर होडी हाकलेला. त्याच्या मनगटात ताकद होती आणि एकदा सांगितलेलं तो विसरत नव्हता. लवू म्हणून एक बुटका, चपळ पोरगा होता, त्याला नजरेची खूण पुरायची. पाचही जण पाळी संपल्यावर आपणहून थांबू लागले.

“शिकवायचं नाही म्हणता आणि शिकवून येता,” घरी त्यांच्या पत्नी राजलक्ष्मीबाई म्हणाल्या. “मग जेवत का नाही?”

“भूक नाही,” म्हणून ते ताटावरून उठले.

सामना दिवाळीच्या आधीच्या रविवारी, दादरच्या एका मैदानावर होता. समोर बँकेची मुरलेली टीम. लेबर ऑफिसर पहिल्या रांगेत खुर्चीवर बसला होता. पलीकडे दोरीपाशी, उभं राहून बघणाऱ्यांत, रघू आणि त्याचे चौघे होते. धराधरांनी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

पोरांचं काही चालेना. बँकेचा एक टकला खेळाडू त्यांच्यातून लोण्यातून सुरी जावी तसा जाऊन बास्केट करत होता. मध्यंतराला पोरं धापा टाकत धराधरांभोवती जमली.

“मास्तर, त्यो टकला गावतच नाय आमाला,” हरेश्वर म्हणाला. “काय करू, सांगा ना.”

काय करायचं ते धराधरांना केव्हाच कळलं होतं. एका वाक्याचं काम होतं. त्यांनी तोंड उघडलं. दोरीपाशी रघू खांदा चोळत उभा होता.

“पाणी प्या,” ते म्हणाले.

“आमचं काय चुकलं का, मास्तर? तुमी बोलत का नाय?”

धराधर खाली बघत राहिले. एवढ्यात दोरीखालून वाकून कुणीतरी आत आलं आणि त्यांच्यामध्ये उकिडवं बसलं. तो रघू होता.

“तो टकला दर टायमाला उजवीकडे वळतो,” तो हरेश्वरला म्हणाला. “तू आधीच तिथे जाऊन उभा ऱ्हा. हात वर. अंगाला लागू नको, फाऊल जाईल. आणि तू रे बुटक्या, बॉल धरून बसू नको. आला की दे.”

“तुमी कोन?” लवूने विचारलं.

“मी? मॅच बघूक इलंय.”

धराधरांनी त्याचं मनगट धरलं. “रघू, काय करतोयस ते कळतंय ना तुला?”

“कळता, मास्तर.” रघूचा आवाज खाली आला. “पण ह्या पोरांनी काय आमची जागा चोरली? त्येंका कोणी दिली, त्येंनी घेतली. हरण्यासाठी उभी केलेली पोरां माझ्याच्यान बघवत नाय.”

तो उठला आणि दोरीपलीकडे गेला.

शिट्टी झाली. टकला उजवीकडे वळला, तर तिथे हरेश्वर भिंतीसारखा उभा. बॉल लवूकडे गेला, तिथून पुढे, आणि बास्केट. पुन्हा तसंच. बँकेची माणसं एकमेकांवर ओरडू लागली. धराधर बाकावर बसून होते. प्रत्येक पास बरोबर पडत होता. ही हाताची ठेवण, ही पावलं त्यांचीच होती, आणि एका पावलावरही त्यांना बोट ठेवता येत नव्हतं. आनंद होऊ नये म्हणून त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. तरी तो झालाच.

सामना संपला तेव्हा पोरं चांगल्या फरकाने पुढे होती. लेबर ऑफिसर उभा राहून टाळ्या वाजवत होता. शेजारच्याला म्हणाला, आणि ते धराधरांना स्वच्छ ऐकू आलं, “बघितलंत? दीड महिन्यात! कुणावाचून काही अडत नाही.”

धराधर रघूकडे जायला निघाले. मंजुळाला काय सांगायचं, निदान एवढं तरी त्याला विचारायचं होतं. पण पोरं धावत आली. हरेश्वरने त्यांना कमरेला धरून वर उचललं, दुसऱ्याने पाय धरले, आणि बघता बघता ते पाचही जणांच्या खांद्यांवर होते. लोक जवळ आले. कुणी गुलाल उधळला.

“उतरवा रे मला,” धराधर म्हणाले. “अरे, खाली सोडा!”

गलक्यात कुणालाच ऐकू गेलं नाही. एवढ्या उंचीवरून सगळं मैदान दिसत होतं. पलीकडे फाटकातून ते जुने पाचजण बाहेर पडत होते. रघू शेवटी होता. फाटकाशी मागून येणाऱ्या एका म्हातारीला त्याने बाजूला होऊन वाट दिली, ती गेल्यावर फाटक हाताने लोटून घेतलं, आणि मग रस्त्यावरच्या गर्दीत तो दिसेनासा झाला.

पोरांनी धराधरांना आणखी उंच उचललं.