मी चोरीच्या श्वासावर धावले

माझ्यात एकच माणूस मावतो, तोही पाय लांब करून, जवळजवळ आडवा पडून. मला छप्पर नाही, दारं नाहीत, चारही चाकं उघडी. मी शर्यतीची गाडी आहे, शाळाकॉलेजच्या वयाच्या मुलांच्या शर्यतीत धावलेली. आता माझ्यात इंजिन उरलेलं नाही, पण एक हंगाम अजून अंगातून गेलेला नाही. आठवला की मी आजही हबकते. म्हणून सांगतेय.

माझा जन्म एका लांबलचक शेडमधला. काळ्या कापडाचे थर साच्यात एकावर एक चिकटवले, भट्टीत भाजले आणि माझं अंग तयार झालं. माझ्याबरोबर तीस बहिणी जन्मल्या. सांगाडा तोच, इंजिन तेच, टायर तेच. गाड्या सारख्या असल्या की पोरांमधला फरक कळेल, हा त्यामागचा विचार. हवासुद्धा मोजूनमापून. माझ्या तोंडात एक भोकाची चकती बसवलेली होती. इंजिनाला जी काही हवा मिळायची ती त्या भोकातूनच. आम्हा सगळ्या बहिणींचा श्वास एका मापाचा.

माझ्या पहिल्या चालकाने मला तीनदा भिंतीला नेऊन भेटवलं. दुसऱ्याला वळणावर मळमळायचं. तिसऱ्या वर्षी मी उस्तादकडे आले.

उस्ताद म्हणजे गाड्या दुरुस्त करणारा माणूस. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि दुखणं ओळखायचा. मला हात लावण्याआधी तो स्वतःचे हात पुसायचा. असा मालक मला आधी मिळाला नव्हता. माझ्यात बसणार होती त्याची सोळा वर्षांची मुलगी. पहिल्याच दिवशी तिने मला चार वेळा जागच्या जागी गरगर फिरवलं, तेव्हापासून मैदानावरचे सगळे तिला भिंगरी म्हणू लागले. तिची आई शर्यतीला कधी आली नाही. शर्यत संपली की फोन यायचा आणि एकच प्रश्न असायचा, "उतरली का गाडीतून?"

शेजारच्या गॅरेजमध्ये लांब्या होता. भिंगरीचा लहानपणापासूनचा मित्र. इतका उंच की गाडीत बसताना घडीच्या खुर्चीसारखा स्वतःला मिटवून घ्यायचा. दोघं एकमेकांचे हातमोजे वापरायचे आणि मैदानात एकमेकांना इंचभर जागा द्यायचे नाहीत.

हंगाम सात शर्यतींचा. सातही मिळून जो पहिला येईल त्याला पुढच्या वर्षी वरच्या वर्गातली गाडी मिळणार होती. पहिल्या तीन शर्यतींत आम्ही अकरावे, आठवे, नववे आलो. भिंगरी चिडायची, मग वहीत प्रत्येक वळण काढून कुठे चुकलं ते लिहायची. उस्ताद नुसता माझ्याकडे बघायचा. ते बघणं मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

चौथ्या शर्यतीत भिंगरीने सरळ रस्त्यावर पाय दाबला आणि मी दचकलेच. माझी छाती मोकळी झाली होती! कुठून कोण जाणे, जास्तीची हवा आत येत होती. मी अशी धावले, अशी धावले की काय सांगू. खरं बोलायचं तर मला आनंद झाला. ही हवा आली कुठून, असं माझ्या मनात एकदाही आलं नाही.

आम्ही पहिले आलो.

शर्यतीनंतर तपासणी असते. मुख्य तपासनीस बाईंना सगळे तराजूबाई म्हणायचे, कारण त्या माणसालाही वजनकाट्यावर उभं असल्यासारखं बघायच्या. त्यांनी चकतीच्या भोकात मापाची सळई घातली. सळई नेमकी बसली. भोक अगदी नियमातलं होतं.

"पास," बाई म्हणाल्या.

भिंगरीने वडिलांच्या गळ्यात उडी घेतली. "बाबा, वहीचा उपयोग झाला रे!"

"झाला ना," उस्ताद म्हणाला. त्या दिवशी त्याने मला हात लावला तो न पुसताच.

पाचवी शर्यतही आमची. मग आली सहावी.

पुढच्या गाडीच्या पाठीमागे हवा फाटलेली असते. तिथे चिकटून राहिलं की मागच्या गाडीला आपोआप वेग मिळतो आणि ती पुढे निघू शकते. लांब्या तसा माझ्या पाठीला चिकटला होता. त्याने पुढे जायलाच हवं होतं, पण सरळ रस्त्यावर मीच त्याच्यापासून सुटत होते. एकदा, दोनदा, पाच वेळा. मग त्याने ठरवलं असणार, सरळ रस्त्यावर जमत नाही तर वळणावर घ्यायचं. सगळे ब्रेक मारतात त्याच्याही पुढे जाऊन मारायचा.

त्याचं पुढचं चाक माझ्या मागच्या चाकाला लागलं. उघड्या चाकांचं चाकांना लागणं म्हणजे काय, ते मी त्या दिवशी पाहिलं. त्याची गाडी माझ्या चाकावरून वर चढली आणि हवेत गेली. डोक्यावरून सावली गेली म्हणून भिंगरीने मान खाली घातली. मग आवाज आला. माझ्यासारख्याच एका बहिणीचं नाक लोखंडी कठड्यात घुसलं होतं, आणि त्या नाकातच माणसाचे पाय असतात.

भिंगरीने मला गवतात थांबवलं. तिने पट्टे ओरबाडून सोडले. उतरून पळाली, पण माणसांनी तिला जवळ जाऊ दिलं नाही. शर्यत तिथेच थांबवली, त्या घडीला जो क्रम होता तोच धरला आणि भिंगरी पहिली आल्याचं जाहीर केलं. करंडक तिने घेतला नाही. कोणीतरी तो आणून माझ्या सीटवर ठेवला. मला तो फेकून देता आला असता तर!

लांब्याच्या उजव्या पायाचा घोटा आणि गुडघा, दोन्हींचा चुरा झाला होता. त्याला भेटू दिलं ते महिन्याभराने. त्या दिवशी भिंगरी दवाखान्यातून गॅरेजमध्ये आली ती माझ्या चाकाला टेकून खालीच बसली.

"काय म्हणाला गं?" उस्तादने विचारलं.

"सॉरी म्हणाला. मला! म्हणे, 'मीच उशिरा ब्रेक मारला, माझीच चूक.' बाबा, तो आणखी एक म्हणाला. 'तुझ्या मागे चिकटूनही तू सुटत कशी होतीस?'"

उस्ताद पाना शोधायला लागला. पाना त्याच्या हातातच होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो सामान आणायला गेला तेव्हा भिंगरीने मला चालू केलं. नियमांच्या पुस्तकाचं एक पान तिने उघडून समोर ठेवलं होतं. त्यात एक साधी परीक्षा लिहिलेली होती. चालू गाडीचं हवा घ्यायचं तोंड पूर्ण बंद करायचं. हवा फक्त तिथूनच येत असेल तर इंजिन गुदमरून लगेच बंद पडतं.

तिने जाड रबराचा तुकडा माझ्या तोंडावर दाबून धरला.

मला बंद पडायचं होतं. खरंच पडायचं होतं. पण मी धडधडत राहिले. चकतीच्या मागे, रबरी कडीच्या आड एक बारीकशी चीर पाडलेली होती, आणि मी चोरासारखी तिथून श्वास घेत होते.

तिने दाब वाढवला. दोन्ही हात लावले. "पड ना बंद!" ती ओरडली. "पड ना गं!"

दारात उस्ताद उभा होता. हातातली पिशवी त्याने खाली ठेवली आणि येऊन माझी चावी फिरवली.

"हे काय आहे, बाबा?"

"आपलं इंजिन थकलेलं आहे. दुसऱ्यांची नवी आहेत. मी फक्त बरोबरी केली."

"बरोबरी? मी जिंकले ना तीनदा!"

"तू हुशारच आहेस पोरी, म्हणून जिंकलीस."

"ते मला आता कसं कळणार?" तिचा आवाज इतका बारीक झाला की मला नीट ऐकू येईना. "सांग ना. मी हुशार आहे की नाही, हे मला आता कुठून कळणार? आणि तो तिकडे पडल्या पडल्या मला सॉरी म्हणतोय."

उस्ताद उलट्या ठेवलेल्या डब्यावर बसला. त्याने दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि ते दुसऱ्याचेच असल्यासारखा त्यांच्याकडे बघत राहिला. मीही बघत होते. याच हातांनी मला उघडलं होतं, आणि मला यांच्याइतका विश्वास कुणाचाच वाटत नव्हता.

शेवटच्या शर्यतीच्या सकाळी तपासणीच्या रांगेत भिंगरी स्वतः मला ढकलत घेऊन गेली.

"सळई नको, बाई. तोंड बंद करून बघा."

तिने मला चालू केलं आणि तराजूबाईंनी तळव्याने तोंड बंद केलं. सगळ्या रांगेत शांतता पसरली आणि त्या शांततेत माझी धडधड ऐकू येत राहिली. असली लाज कुणाच्या वाट्याला येऊ नये.

"हे कुणी केलं?" बाईंनी विचारलं.

तेव्हा मागून उस्ताद पुढे आला. "मी. तिला परवापर्यंत ठाऊक नव्हतं."

बाईंनी त्याच्या गळ्यातला पास काढून घेतला. त्याला दोन वर्षं मैदानात यायची बंदी झाली. भिंगरीचे तिन्ही विजय पुसले गेले. चीर बुजवली, चकती नीट बसवली, आणि सगळ्यांच्या मागून शर्यत सुरू करायची परवानगी तेवढी मिळाली.

शर्यतीआधी लांब्या कुबड्या घेऊन आमच्याकडे आला. भिंगरीने त्याला सगळं सांगितलं, एक शब्दही न गाळता. त्याने कुबडीचं टोक माझ्या मागच्या चाकाला टेकवलं.

"म्हणजे मी वेडा नव्हतो," तो म्हणाला. "इतके दिवस मी छताकडे बघत तेच वळण घेतोय. कुठे चुकलो, कुठे चुकलो." मग त्याने कुबडी मागे घेतली. "जा तू आता. आत्ता मला तुझ्याशी बोलायचं नाहीये."

आम्ही धावलो. माझी छाती पुन्हा मापात आली होती, सरळ रस्त्यावर गाड्या मला मागे टाकत होत्या, आणि भिंगरी एकेका वळणावर त्यांना परत गाठत होती. आम्ही सातवे आलो. ती उतरली आणि हेल्मेट न काढताच रडली. कशासाठी, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. फोन वाजला, तेव्हा तिने एवढंच सांगितलं, "हो आई, उतरले."

त्यानंतर माझं इंजिन काढलं आणि मला चालकांच्या शाळेत दिलं. नवी मुलं माझ्यात बसून सीटचं माप देतात. शिकवायला लांब्या आहे. त्याचा गुडघा आता वाकत नाही, त्यामुळे असल्या गाडीत तो पुन्हा कधी बसू शकणार नाही. एकदा वर्ग रिकामा असताना त्याने प्रयत्न केला. डावा पाय आत गेला, उजवा बाहेरच राहिला. तो तसाच माझ्या काठावर बसून राहिला.

भिंगरी दुसऱ्या गाडीतून अजून शर्यती करते. मागच्या हंगामात चौथी आली, असं लांब्याने कुणाला तरी फोनवर सांगितलं. तिचा निरोप आला की तो कधीकधी हसतो, कधीकधी फोनच उचलत नाही. बंदी संपल्यावर उस्तादही एकदा इथे आला, सीटचे खिळखिळे पट्टे दुरुस्त करायला. लांब्याने त्याला पाहिलं आणि दारातूनच परत फिरला. उस्तादने काम पूर्ण केलं, पण प्रत्येक बोल्ट त्याने तीन-तीनदा तपासला.

रोज आईबाप आपल्या मुलांना घेऊन इथे येतात. माझ्या अंगावरून हात फिरवतात आणि विचारतात, "ही किती जोरात पळते?" मला बोलता येत असतं तर त्यांचा तो हात धरून सांगितलं असतं. अहो, हरू द्या पोरांना. हरलेलं पोर रुसतं, जेवत नाही, दार आपटतं. पण ते आपल्या दोन पायांवर चालत घरी येतं.