काचेआडचा पोटफाड्या

मित्रांनो, मी एक जुना पुतळा आहे, आणि तोही अर्धाच. मला डोके आहे, पाय नाहीत, आणि पोट दारासारखे उघडते. शाळेत जीवशास्त्र शिकवण्यासाठी मला घडवले. मुलांनी माझे नाव ठेवले पोटफाड्या. मला ते आवडायचे.

कारखान्यातल्या रंगाऱ्याने माझ्या यकृताला गडद तपकिरी रंग दिला आणि त्याखाली पित्ताशयाचा हिरवा ठिपका टेकवला. माझ्या प्रत्येक अवयवामागे एक खुंटी आहे. अवयव योग्य जागी ठेवला तरच ती टक् आवाज करून बसते. मला बोलता येते ते एवढेच.

शाळेत आलो तेव्हा मोठ्या बाई जीवशास्त्र शिकवत. "घाला आत हात, चावत नाही तो!" असे म्हणत त्या मला बाकावर ठेवायच्या. मुलांचे हात शाईने, घामाने, खडूने भरलेले असायचे. एकाने तर माझी आतडी हार म्हणून गळ्यात मिरवली. माझा रंग झिजला, नाक टवकले. पण समोर उभ्या राहिलेल्या मुलाची उजवी बाजू ती माझी डावी, हा घोळ बाई चुटकीसरशी सोडवायच्या.

"वळ. त्याच्याकडे पाठ कर. आता तुझं उजवं तेच त्याचं उजवं. यकृत कुठं?"

मूल स्वतःच्या उजव्या बरगडीखाली हात ठेवायचे. ते पुन्हा चुकत नसे.

मोठ्या बाई निवृत्त झाल्या आणि नवे मुख्याध्यापक आले. त्यांनी मला व्हार्निश चोपडून दाराजवळच्या काचेच्या कपाटात उभे केले. कुलूप लावले आणि पाटी लटकवली, 'हात लावू नये'. त्या व्हार्निशचा वास मला आजही सहन होत नाही. पाहुणे आले की मुख्याध्यापक माझ्याकडे बोट दाखवतात. "आमच्याकडे साधनांची कमतरता नाही!" पाहुणे माना डोलावतात, चहा पितात, काचेत पाहून केस सारखे करतात. मला त्या सगळ्यांची किळस येते.

मोठ्या बाईंचीच एक विद्यार्थिनी आता इथे शिकवते. तिला मुले छोट्या बाई म्हणतात. तिने किल्ली मागितली.

"बाई, पोरं वाट लावतील त्याची," मुख्याध्यापक म्हणाले. "फळ्यावर काढा की चित्र!"

फळ्यावर चित्रे निघाली. मुलांनी ती वहीत उतरवली. बारावीतल्या एका चष्मेवाल्या मुलीचे चित्र तर छापल्यासारखे असायचे. तिला नर्स व्हायचे होते. त्या प्रवेशासाठी जीवशास्त्राच्या प्रात्यक्षिकात पास होणे भागच होते.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी बाहेरच्या परीक्षक बाईंसाठी मला कपाटाबाहेर काढले. त्यांनी माझे पोट रिकामे केले.

"यकृत कुठल्या बाजूला असतं?"

"उजव्या," मुलगी ताडकन म्हणाली.

"मग बसव."

तिने यकृत उचलले आणि स्वतःच्या उजव्या हाताला, म्हणजे माझ्या डावीकडे ठेवले. वहीत तिने ते कितीदा बिनचूक काढले होते. पण कागदाला उजवा हात नसतो. खुंटी बसेना. तिने जोर लावला. मग जठर उलटे, प्लीहा उलटी. मला ओरडावेसे वाटत होते, पण टक् वाजेना. वेळ संपली.

"तोंडात बरोबर आणि हातात चूक गं, बाळ," परीक्षक बाई हळूच म्हणाल्या.

ती नापास झाली. बाहेर मैत्रीण तिला हसवायला म्हणाली, "बरं झालं, पेशंट वाचला!" ती हसली नाही.

मुख्याध्यापकांनी स्पिरिटचा बोळा घेऊन माझे यकृत घासले. "शी! किती बोटं उमटवलीत!" तिची बोटे पुसताना त्यांनी नाक मुरडले. मित्रांनो, घाण कशाला म्हणतात ते मला त्या दिवशी कळले. बोटांना नव्हे.

आता तिची फेरपरीक्षा आहे. छोट्या बाईंनी पुन्हा किल्ली मागितली, पुन्हा नकार आला. म्हणून काल शाळा सुटल्यावर त्या तिला कपाटापाशी घेऊन आल्या.

"वळ. त्याच्याकडे पाठ कर."

मुलीने काचेला पाठ टेकवली. उजवा हात आपल्या बरगडीखाली ठेवला. "अगं बाई!" ती स्वतःशीच म्हणाली.

"ए, काचेला टेकू नकोस!" मुख्याध्यापक लांबून ओरडले. "डाग पडतात!"

मित्रांनो, तुमच्या शाळेत माझा एखादा भाऊबंद कुलपाआड चकाकत असेल, तर किल्ली मागा. नाही म्हणाले तरी मागत राहा. आम्हाला जपायचे असेल, तर आम्हाला मळवा. ती टक् मला पुन्हा ऐकायची आहे, आणि तिच्याच हातून.