खांदे नसलेला कृमी

"सायेब, हे खांदे खरे नाहीत," सूक्ष्मदर्शकावरचा डोळा न काढता यादोराव म्हणाला.

मोहाडीजवळच्या त्या जनावरांच्या दवाखान्यात यादोराव परिचर होता. एकतीस वर्षं झाडू मारता मारता भिंगात डोकावायचा, शिक्षण तेवढंच. डॉक्टर अतुल नवे होते.

सकाळी शकुनबाईची म्हैस मेली होती आणि दुपारच्या आत तिचं यकृत जेवणाच्या डब्यातून दवाखान्यात पोचलं होतं. आत पानासारखे चपटे, वळवळते कृमी. डॉक्टरांनी एक उचलून थेट फॉर्मालिनमध्ये टाकला आणि त्याचे रुंद खांदे पाहून जात ठरवली. या जातीचा कृमी ज्या गोगलगाईतून पसरतो, ती चिखलात राहते. म्हणून सल्ला दिला : दुसरी म्हैस शेताच्या ओल्या बांधावर, धुऱ्यावर चारू नका, बोडीवर, त्या लहान तळ्यावर न्या.

दुसरी म्हैस गाभण होती. शकुनबाई घाईनं उठलीच.

"थांबा वहिनी," यादोराव म्हणाला.

"खरे नाहीत म्हणजे?" डॉक्टरांनी विचारलं.

"जित्ता होता, तुमी औषधात बुडवला. आखडला बिचारा. तुमाले कोनी बुडवलं असतं तं तुमीबी खांदे वर केले असते."

यादोरावनं दुसरा कृमी तासभर साध्या पाण्यात ठेवला होता. सैल पडल्यावर दोन काचांमध्ये दाबून दोऱ्यानं बांधला. त्याची पद्धतच तशी. लेकीला, गुंजनला, पाहायला आलेल्या मुलांनाही तो आधी पाणी देई, सैल पडू देई, मगच खांदे पाही.

"पाहा. लांबुळका, खांदे नाहीत. आतड्याच्या फांद्या आतल्या अंगालेबी फुटल्या. ह्याची गोगलगाय बोडीतच रायते."

डॉक्टर बराच वेळ भिंगात पाहत राहिले. मग त्यांनी कागदावरचा सल्ला खोडला.

"बोडी बंद, शकुनबाई. माझं चुकलं."

"मंग म्हशीले पानी कुठचं पाजू, धुवू कशानं?"

"विहिरीचं," यादोराव म्हणाला. "घरीच बांधा."

"रोज वीस बादल्या?"

"गाभण हाये. पंचवीस."

शकुनबाई रिकामा डबा उचलून निघाली.

संध्याकाळी सायकलवरून घरी जाताना यादोरावला ती विहिरीवर दिसली. सातवी बादली होती. त्यानं सायकल भिंतीला टेकवली आणि तिच्या हातातला दोर घेतला. म्हैस दोघांकडे पाठ करून बोडीकडे पाहत उभी होती, भयंकर अपमान झाल्यासारखी.